रेषा कोणी आखली : अमेरिकेतील वंशविभाजन आणि न्यायालये

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली. निग्रो गुलामांना मुक्त करताना त्या लोकांनी दाखवलेले औदार्य आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत दाखवावे, ही त्यामागची इच्छा. त्याच वर्षी तिकडे त्या मुक्तीचे काय चालले होते, हे पाहण्यासारखे आहे. १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियाना राज्यातल्या कोलफॅक्स गावी निवडणुकीच्या वादातून गोऱ्यांच्या सशस्त्र टोळीने न्यायालयाच्या इमारतीत जमलेल्या कृष्णवर्णीयांना घेरले, इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही ठार केले. दुसऱ्याच दिवशी वॉशिंग्टनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यू ऑर्लिन्सच्या खाटकांच्या खटल्याचा निकाल दिला. वाद कत्तलखान्याच्या मक्तेदारीचा होता आणि फिर्यादी गोरे होते. पण पाच विरुद्ध चार मतांच्या त्या निकालाने समान संरक्षणाची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा एक मोठा भाग पाच वर्षांतच निकामी करून ठेवला.

कोलफॅक्सच्या हल्लेखोरांपैकी मोजक्यांना शिक्षा झाली. त्यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८७६ मध्ये ते सुटले. न्यायालयाचे म्हणणे असे की, चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही. टोळीने माणसे मारली असतील तर तो राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा. संघराज्याने दिलेल्या समान संरक्षणाच्या हमीशी त्याचा संबंध नाही. आणि लुइझियानाचे राज्य त्या टोळीवर खटला चालवण्याच्या स्थितीत नव्हते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

ही कारणमीमांसा हा या पुस्तकाचा कणा आहे. अमेरिकेतल्या वंशविभाजनाचा न्यायालयीन इतिहास सहसा दोन निकालांत सांगितला जातो : १८९६ मध्ये न्यायालय चुकले, १९५४ मध्ये त्याने चूक दुरुस्त केली. ही कथा खोटी नाही, पण अपुरी आहे. १८७६पासून आजपर्यंत न्यायालयांपुढे पुन्हापुन्हा आलेला प्रश्न जबाबदारीचा आहे. भेद सरकारने केला की समाजाने? सरकारने केला असेल तर राज्यघटना मध्ये पडते, समाजाने केला असेल तर ती हात आखडते. घटनादुरुस्तीत ‘राज्य’ असे लिहिलेले आहे. राज्य कुठे संपते आणि समाज कुठे सुरू होतो, हे तिथे लिहिलेले नाही. ती रेषा न्यायाधीशांनी आखली आणि गरजेप्रमाणे सरकवली. पुढच्या प्रकरणांत ज्या निकालांची चर्चा आहे ते या सरकणाऱ्या रेषेचे टप्पे म्हणून निवडले आहेत.

सुरुवात मात्र दक्षिणेत होत नाही. ‘वेगळे पण समान’ या तत्त्वाचे मूळ उत्तरेत, गुलामगिरीविरोधी चळवळीचे माहेर मानल्या जाणाऱ्या बोस्टनमध्ये आहे. सेरा रॉबर्ट्स ही पाच वर्षांची मुलगी गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडून कृष्णवर्णीयांच्या शाळेत जात होती. तिच्या वडिलांनी दावा लावला. वकील होते रॉबर्ट मॉरिस, देशातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक, आणि त्यांच्या जोडीला चार्ल्स सम्नर. कायद्यापुढे सर्व समान, हा युक्तिवाद सम्नर यांनी तिथे मांडला. मॅसॅच्युसेट्सचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी १८४९ मध्ये तो फेटाळला. शाळा समितीने विचारपूर्वक वर्गवारी केली आहे, आणि समाजातला पूर्वग्रह कायद्याने निर्माण केलेला नाही, म्हणून कायदा तो बदलूही शकणार नाही, असा त्यांचा सूर होता. सहा वर्षांनी राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून शाळांतला हा भेद बंद केला. तरीही शॉ यांचा निकाल मेला नाही. सत्तेचाळीस वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तोच आधार म्हणून पुढे केला.

सम्नर पुढे सेनेटर झाले. खाणावळी, रेल्वे, बोटी आणि नाट्यगृहे यांत वर्णावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही, असे विधेयक त्यांनी १८७० मध्ये आणले आणि मरेपर्यंत त्याचा पाठपुरावा केला. त्यांच्या मृत्यूनंतर १८७५ मध्ये त्याचा कायदा झाला. आठ वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पाच प्रकरणे एकत्र सुनावणीस आली होती. त्यांत न्यूयॉर्क आणि सॅन फ्रान्सिस्को इथल्या नाट्यगृहांची होती, टेनेसीतल्या एका रेल्वेचे होते. म्हणजे हा प्रश्न केवळ दक्षिणेचा नव्हता. न्यायमूर्ती ब्रॅडली यांनी लिहिले की, खाणावळवाल्याने कोणाला खोली नाकारली तर ते सरकारचे कृत्य होत नाही. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसाने कायद्याचा खास लाडका असणे कधीतरी थांबले पाहिजे, असेही त्यांनी सुचवले. गुलामगिरी संपून तेव्हा अठरा वर्षे झाली होती.

आठ न्यायाधीश एका बाजूला आणि जॉन मार्शल हार्लन एकटे दुसऱ्या बाजूला. हार्लन केंटकीचे, गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातले. त्यांच्या पत्नीच्या आठवणींत एक प्रसंग आहे. विरोधी निकालपत्र लिहिताना त्यांचे शब्द अडले. तेव्हा त्यांच्या पत्नीने रॉजर टॉनी यांची दौत शोधून त्यांच्या टेबलावर ठेवली. कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिक होऊच शकत नाही, हा १८५७चा ड्रेड स्कॉट निकाल देणारे ते टॉनी. हार्लन यांनी लिहिले ते असे : रेल्वे आणि खाणावळी सरकारच्या परवान्यावर चालतात, सार्वजनिक काम करतात, मग त्यांना खासगी कसे म्हणायचे? हा प्रश्न बहुमताने सोडवला नाही, बाजूला ठेवला.

इथे एक समज दूर करायला हवा. वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळी बाके ही गुलामगिरीच्या काळापासून चालत आलेली प्राचीन रूढी होती, असे अनेकांना वाटते. न्यू ऑर्लिन्समध्ये १८६७ साली ट्रामगाड्यांतला भेद बंद झाला होता. लुइझियानाच्या १८६८च्या राज्यघटनेने सार्वजनिक ठिकाणी समान वागणुकीची हमी दिली होती. त्या शहरात काही वर्षे गोरी आणि काळी मुले एकाच शाळेत बसली. इतिहासकार सी. व्हॅन वुडवर्ड यांनी १९५५ मध्ये हे दाखवून दिले की, विभाजनाचे बहुतेक कायदे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नव्याने झाले. नंतरच्या अभ्यासकांनी त्याला मुरड घातली. रूढीने पाळलेले अंतर आधीही होते, हे खरेच. पण अंतर पाळणे आणि न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकणे यांत जो फरक आहे तो कायद्याने आणला.

लुइझियानाने १८९० मध्ये रेल्वेच्या वेगळ्या डब्यांचा कायदा केला. न्यू ऑर्लिन्समधल्या मिश्रवंशीय आणि कृष्णवर्णीय नागरिकांनी एक समिती स्थापून वर्गणी जमवली आणि न्यायालयात जाण्यासाठी मुद्दाम अटक घडवून आणली. ७ जून १८९२ रोजी होमर प्लेसी हा चांभारकाम करणारा तरुण पहिल्या वर्गाचे तिकीट काढून गोऱ्यांच्या डब्यात बसला. त्याच्या आठ पणज्या-पणजोबांपैकी एकच कृष्णवर्णीय होता आणि दिसायला तो गोराच होता. आपण कोण आहोत हे त्याला स्वतः सांगावे लागले. त्याला अटक करणारा खासगी गुप्तहेरही समितीनेच नेमलेला होता. रेल्वे कंपन्याही मनातून या कायद्यावर नाराज होत्या, कारण एक डबा जास्तीचा ओढायचा म्हणजे खर्च होता. कायद्यात एक अपवाद होता : दुसऱ्या वंशाच्या मुलांना सांभाळणाऱ्या दाईला तो लागू नव्हता. कृष्णवर्णीय बाई गोरे मूल मांडीवर घेऊन गोऱ्यांच्या डब्यात बसू शकत होती. मूल नसेल तर नाही. सान्निध्याला हरकत नव्हती, बरोबरीच्या सान्निध्याला होती, हे कायद्याच्या मजकुरातूनच वाचता येते.

प्लेसीचे वकील ऑल्बियन टूर्झे यांची अडचण आणि संधी एकच होती. १८८३ मध्ये न्यायालय म्हणाले होते की, भेद खासगी आहे म्हणून आम्ही हात घालणार नाही. आता भेद सरळ राज्याच्या कायद्यात लिहिलेला होता. मग तरी घटना मध्ये पडेल का? १८ मे १८९६ रोजी सात विरुद्ध एक मताने उत्तर आले : नाही. न्यायमूर्ती ब्राउन यांनी ‘राजकीय समता’ आणि ‘सामाजिक समता’ अशी नवी फोड केली. डबे वेगळे करणे ही सामाजिक बाब. त्यात कोणाला कमीपणा वाटत असेल तर तो त्यांनी स्वतःच लावलेला अर्थ. रेषा कशी सरकली ते इथे दिसते. तेरा वर्षांपूर्वी भेद सरकारने केलेला नव्हता म्हणून चालला. आता सरकारने केला, तरी तो समाजाचा मानला गेला.

पुन्हा एकटे हार्लन विरोधात होते. घटनेला रंग दिसत नाही, हे त्यांचे म्हणणे आज शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्याच निकालपत्रात चिनी वंशाविषयी त्यांनी केलेला तुच्छतेचा उल्लेख क्वचितच सांगितला जातो. तीन वर्षांनी जॉर्जियातल्या एका परगण्याने पैशाची अडचण सांगून कृष्णवर्णीयांचे हायस्कूल बंद केले आणि गोऱ्यांचे चालू ठेवले. ते चालेल असा एकमताचा निकाल लिहिणारेही हार्लनच होते. या पुस्तकात न्यायाधीशांना नायक केलेले नाही, त्यामागे हे कारण आहे.

प्लेसी निकालानंतर वेगळेपण किती खोल गेले, त्याची यादी लांब आहे. सगळ्यांत बोलके दाखले खुद्द न्यायालयांतले आहेत. दक्षिणेत काही ठिकाणी साक्षीदारांना शपथ देण्यासाठी दोन बायबले ठेवलेली असत. १९६२ मध्ये, म्हणजे शाळांतले विभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या ब्राउन निकालानंतर आठ वर्षांनी, व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या वाहतूक न्यायालयात एक कृष्णवर्णीय गोऱ्यांच्या बाकावरून उठला नाही म्हणून त्याला न्यायालयाचा अवमान केल्याबद्दल शिक्षा झाली. पुढच्या वर्षी अलाबामात मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकील नुसते ‘मेरी’ म्हणून हाक मारत होता. ‘मिस हॅमिल्टन’ म्हणा, तोवर उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. तिला पाच दिवसांची कैद आणि दंड झाला. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही शिक्षा रद्द केल्या. ज्या खोलीत समानतेचा निवाडा व्हायचा, त्या खोलीत आडनावाचा मानही एका वंशासाठी राखून ठेवलेला होता.

विभाजनाला आणखी एक काम करावे लागते : कोण कोणत्या बाजूचा, हे ठरवणे. १७९०च्या कायद्याने परदेशी माणसाला नागरिकत्व मिळवायचे तर तो ‘गोरा’ असावा लागे. १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला नकार देताना सांगितले की, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. तीन महिन्यांनी भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख, अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला, तोच निकष घेऊन उभा राहिला. तेव्हाच्या वंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियनच होते. उच्च जातीचा, शुद्ध रक्ताचा हिंदू अशी त्याची ओळख न्यायालयापुढे मांडली गेली. जातीची शुद्धता गोरेपणाचा पुरावा म्हणून वापरण्याचा हा प्रयत्न आपल्याकडच्या वाचकाने विसरू नये असा आहे. १९२३ मध्ये न्यायालयाने शास्त्र बाजूला ठेवले आणि सामान्य गोऱ्या माणसाची समजूत प्रमाण मानली. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या अनेक भारतीयांचे नागरिकत्व काढून घेण्याच्या कारवाया सुरू झाल्या. थिंडचे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही ती वेळ आली. ते स्वतःचा खटला लढले आणि १९२६ मध्ये जिंकले. भारतीयांना नागरिकत्वाचा मार्ग खुला झाला तो १९४६ मध्ये, आणि तोही काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदेच्या, कायद्याने.

या भिंतीत पहिली फट पडली ती मालमत्तेच्या बाजूने. केंटकीतल्या लुईव्हिल शहराने कोणत्या गल्लीत कोणी राहायचे याचा नियम केला होता. १९१७ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. कारण समतेपेक्षा घर विकण्याच्या मालकाच्या हक्काचे होते. म्हणून मग घरमालकांनी आपसांत करार सुरू केले : हे घर कृष्णवर्णीयाला विकणार नाही. करार खासगी, म्हणजे घटनेच्या बाहेर. १९४८ मध्ये शेली खटल्यात न्यायालयाने या युक्तिवादाला वळसा घातला. करार खासगी असेल, पण तो मोडणाऱ्या कुटुंबाला घराबाहेर काढण्यासाठी न्यायालयाचा हुकूम लागतो, आणि न्यायालय हे सरकारच आहे. नऊपैकी तीन न्यायाधीश या खटल्यातून बाजूला झाले होते. कारण त्यांनी जाहीर केले नाही. त्यांची स्वतःची घरे अशाच करारांखाली असावीत, असे मानले जाते.

शिक्षणाच्या आघाडीवरची मांडणी चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांची. वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या कायदा शाळेचे रूप त्यांनी पालटले आणि कृष्णवर्णीय वकिलांची एक पिढी तयार केली; थर्गुड मार्शल त्यांचेच विद्यार्थी. त्यांची युक्ती ‘वेगळे’ला थेट भिडण्याआधी ‘समान’चा हिशेब मागण्याची होती. मिझुरी राज्यात कृष्णवर्णीयांसाठी कायद्याचे महाविद्यालय नव्हते. राज्य म्हणाले, शेजारच्या राज्यात जा, फी आम्ही देतो. १९३८ मध्ये न्यायालय म्हणाले, चालणार नाही, सोय राज्यातच हवी. टेक्सासने मग घाईघाईने एक वेगळे महाविद्यालय उभे केले. १९५० मध्ये न्यायालयाने विचारले की, अध्यापकांची कीर्ती आणि माजी विद्यार्थ्यांचे वजन तुम्ही कुठून आणणार? त्याच दिवशी ओक्लाहोमाच्या जॉर्ज मॅक्लॉरिन यांचा निकाल लागला. साठी ओलांडलेल्या या विद्यार्थ्याला विद्यापीठाने प्रवेश दिला होता, पण वर्गाला लागून असलेल्या खोलीत बसवले, ग्रंथालयात आणि भोजनगृहात वेगळे टेबल दिले. तीच इमारत, तेच प्राध्यापक, तीच पुस्तके, आणि तरीही असमान. इथवर आल्यावर ‘वेगळे पण समान’ यात उरले होते ते फक्त ‘वेगळे’. ह्यूस्टन त्याच वर्षी वारले. शेवटचा घाव त्यांनी पाहिला नाही.

ब्राउन खटला या नावाखाली पाच खटले होते आणि त्यांतला कॅन्ससचा सगळ्यांत सौम्य होता. दक्षिण कॅरोलिनातल्या क्लॅरंडन परगण्यात गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर आणि कृष्णवर्णीय मुलामागे ४३ डॉलर खर्च होत. तिथल्या पालकांची पहिली मागणी शाळेच्या बसची होती. सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, चळवळीत पुढे असलेले धर्मगुरू जोसेफ डिलेन यांचे घर जळाले. त्या खटल्यात १९५१ मध्ये न्यायाधीश वेटीज वेअरिंग यांनी विभाजन म्हणजेच असमानता, असे विरोधी मत नोंदवले. ते चार्ल्स्टनच्या जुन्या गोऱ्या घराण्यातले होते आणि अखेर त्यांना शहर सोडावे लागले. व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड परगण्यातला खटला सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्स या मुलीने घडवून आणलेल्या शाळेच्या संपातून उभा राहिला. निकालपत्र वाचणाऱ्याला ही माणसे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी इथे स्वतंत्र जागा ठेवली आहे.

१७ मे १९५४ चा निकाल एकमताचा होता. आधीचे सरन्यायाधीश व्हिन्सन सुनावणीच्या मध्येच वारले, अर्ल वॉरन आले आणि त्यांनी सहकाऱ्यांना एकेक करून राजी केले. निकाल आखूड आहे, भाषा सोपी आहे, आणि दोष कोणालाच दिलेला नाही. एकमताची ती किंमत होती. वर्षभराने अंमलबजावणीचा हुकूम आला तेव्हा मुदत घातली गेली नाही. घाई करा, पण सावकाश, असा त्याचा अर्थ दक्षिणेने काढला. १९५६ मध्ये काँग्रेसच्या १०१ सदस्यांनी निकालाविरुद्ध जाहीरनाम्यावर सह्या केल्या. प्रिन्स एडवर्ड परगण्याने १९५९ मध्ये सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाल्या आणि त्यांना सार्वजनिक पैशाचे बळ मिळाले. कृष्णवर्णीय मुलांची पाच वर्षे गेली. १९६४ मध्ये न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या. वेगळेपण सरकारी राहू शकत नाही म्हटल्यावर ते खासगी कसे होते, याचा इतका उघड दाखला दुसरा नाही.

त्याच साली काँग्रेसने नागरी हक्कांचा कायदा केला आणि हॉटेले, उपाहारगृहे पुन्हा सर्वांना खुली केली. म्हणजे १८७५चा कायदा जवळजवळ पुन्हा आणला. १८८३चा निकाल अजून उभा होता. तो टाळण्यासाठी आधार घेतला गेला तो मुख्यतः आंतरराज्य व्यापाराच्या कलमाचा. बर्मिंगहॅममधल्या ऑलीज बार्बेक्यू या उपाहारगृहात कृष्णवर्णीयांना आत बसून जेवता येत नसे. त्याच्या मालाच्या खर्चापैकी सुमारे ४६ टक्के मांस परराज्यातून आलेले होते, म्हणून काँग्रेसचा कायदा त्याला लागू झाला. माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न मांसाच्या पावत्यांवर सुटला. निकाल योग्य लागला. पण समाजाने केलेल्या भेदाला घटना बांधते का, हा हार्लन यांचा प्रश्न तसाच राहिला. व्हर्जिनियाच्या लव्हिंग दांपत्याचा १९६७चा निकाल त्या मानाने सोपा होता : मिश्रविवाहाला तुरुंगवासाची शिक्षा सांगणारा कायदा सरकारचाच होता.

मग रेषा परत सरकली. डेट्रॉईट शहरातल्या शाळा वेगळ्या झाल्या होत्या, कारण गोरी कुटुंबे उपनगरांत गेली होती. खालच्या न्यायालयाने शहर आणि ५३ उपनगरी शाळाविभाग मिळून उपाय सांगितला. १९७४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला : उपनगरांनी काही केल्याचा पुरावा नाही, मग त्यांना कशाला ओढायचे? ती उपनगरे ज्या गृहकर्जांवर उभी राहिली, त्यांना केंद्र सरकारची हमी होती आणि ही हमी देताना सरकारी खाते अनेक वर्षे कृष्णवर्णीय वस्त्या वगळत आले होते. हे सगळे ‘समाजाच्या’ खात्यात गेले. विरोधी मत लिहिणाऱ्यांत थर्गुड मार्शल होते, आता न्यायमूर्ती म्हणून. २००७ मध्ये सिॲटल आणि त्याच लुईव्हिलमधल्या शाळांनी स्वखुशीने मुले मिसळण्यासाठी वंशाचा विचार केला, तो न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. २०२३ मध्ये हार्वर्ड प्रकरणात विद्यापीठांच्या प्रवेशांचेही तेच झाले. एकेकाळी विभाजनाविरुद्ध लिहिलेले हार्लन यांचे रंग न पाहणाऱ्या घटनेचे मत या निकालांत बहुमताच्या बाजूने उभे केले गेले.

दक्षिण आफ्रिकेचा उल्लेख इथे तुलनेपुरता आहे. तिथे १९५३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने स्टेशनातल्या वेगळ्या सोयी समान असल्या पाहिजेत असे म्हटले, तेव्हा संसदेने त्याच वर्षी कायदा करून सांगितले की, समान असण्याची गरज नाही. अमेरिकेने जे साठ वर्षे झाकून ठेवले, ते तिथल्या संसदेने उघड लिहून टाकले.

मराठी वाचकाला हा इतिहास दूरचा वाटू नये, याचे एक ठोस कारण आहे. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली. पण महत्त्वाचा दुवा कागदपत्रांत आहे. महाडच्या चवदार तळ्यावर १९२७च्या मार्चमध्ये सत्याग्रह झाल्यावर सवर्णांनी दिवाणी दावा लावला, त्यात तळे खासगी आहे आणि वहिवाट अनादी आहे, असे म्हटले होते. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये ती अनादी वहिवाट सिद्ध झाली नाही, असा निकाल दिला. खासगी की सार्वजनिक, हा वाद बाबासाहेब दहा वर्षे प्रतिवादी म्हणून लढले होते. १९४७च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये त्यांनी सार्वजनिक सोयी सर्वांना खुल्या ठेवण्याचे कलम सुचवले आणि टिपणात त्याचा आधार दिला तो अमेरिकेच्या १८६६ आणि १८७५च्या कायद्यांचा. म्हणजे सम्नर यांचा कायदा, जो वॉशिंग्टनमध्ये १८८३ साली रद्द झाला होता. भारतीय संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव आणि रस्ते यांची नावे घेऊन जी बंदी आहे ती केवळ सरकारवर नाही. १७व्या अनुच्छेदातली अस्पृश्यतेची बंदीही तशीच. अमेरिकेत जी रेषा न्यायाधीशांच्या हाती राहिली, तिचा मोठा भाग आपल्याकडे मजकुरातच पुसलेला आहे.

सगळा नाही. अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेने सभासदत्व फक्त पारशांना देण्याचा नियम केला होता. २००५ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला : सहकारी संस्था म्हणजे राज्य नव्हे, ती सभासदांच्या कराराने चालते. अल्पसंख्य समाजाने एकत्र राहण्याची इच्छा धरणे आणि बहुसंख्यांनी इतरांना दार बंद करणे यांत फरक करता येतो, आणि करायलाही हवा. पण मुंबई-पुण्यात घर शोधताना आडनाव सांगून नकार घेतलेल्या माणसाला शेली खटल्याचे प्रकरण वाचताना फार दूर गेल्यासारखे वाटणार नाही.

शेवटी वाचण्याच्या पद्धतीविषयी. प्रत्येक प्रकरणात आधी माणसे आणि घटना, मग दोन्ही बाजूंचे युक्तिवाद, मग बहुमत आणि त्यानंतर विरोधी मत असा क्रम ठेवला आहे. निकालाचा शेवट माहीत असला तरी हा क्रम सोडू नये, कारण न्यायाधीशाने काय निवडले हे कळण्यासाठी त्याच्यापुढे काय काय होते हे आधी कळावे लागते. आणि जिथे जिथे ‘ही बाब खासगी आहे’ असे वाक्य येईल तिथे एवढे तपासावे : त्या खासगी बाबीमागे परवाना कोणाचा आहे, कर्जाची हमी कोणाची आहे, नोंदणी कोणाच्या कचेरीत झाली आहे, आणि ऐकले नाही तर दारात पोलीस कोणाच्या हुकमाने येणार आहे. १८७६पासूनच्या बहुतेक निकालांत याचे उत्तर खटल्याच्या कागदपत्रांतच होते.